चौथी छत्री

गावाचं नाव मी सांगणार नाही. वर्ध्याहून एसटीनं पाऊण तास, एवढं पुरे. या हकिकतीत ज्यांच्या हातून चुका झाल्या ते बहुतेक लोक अजून हयात आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, आणि त्यांतला एक मीच आहे. आपली चूक भर सभेत, नावानिशी लिहून घ्यायला लावणारं माणूस मात्र मी एकच पाहिलं. शकुंतला इखार. सारं गाव त्यांना इखारबाई म्हणायचं.

मी तिथे नगरपरिषदेचा इंजिनिअर म्हणून चार वर्षं होतो. पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एके सकाळी त्या माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला प्लास्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. आधी माझ्या टेबलावरच्या फायलींचा गठ्ठा दोन्ही तळहातांनी चारी बाजूंनी ठोकून सारखा केला. मग म्हणाल्या, "छत्री मंडई पाडून राह्यले म्हणे तुमी?"

"ठराव झालाय बाई. छत गळतं, गेल्या पावसाळ्यात एक पोपडा खाली आला. धोकादायक आहे."

"नकाशा पाह्यला?"

"नकाशा सापडत नाही."

"सापडत नाई, का शोधला नाई?"

खरं होतं. शोधला नव्हता.

ही मंडई म्हणजे गावाच्या मधोमध एका रांगेत उभ्या असलेल्या चार काँक्रीटच्या छत्र्या. वाऱ्यानं उलटलेली छत्री असते ना, तशा. एकेक खांब, आणि त्यावर चौकोनी छत, मध्ये खोल आणि कडांना उंच. भिंत नाही, तुळई नाही, कोपऱ्याला आधार नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी कोणी एका तरुण आर्किटेक्टनं ती कल्पना काढली होती आणि बांधकाम खात्यानं ती बांधली होती. छताची जाडी कडेला जेमतेम तीन इंच. तिच्याखाली आसपासच्या गावांतले माळवं पिकवणारे लोक रोज सकाळी दुकानं लावत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. मंडई पाडून तिथे दुमजली संकुल व्हायचं होतं आणि या लोकांनी तोवर कुठे बसायचं, ते ठरावात लिहिलेलं नव्हतं.

इखारबाई बांधकाम खात्यात अनुरेखक होत्या. हा हुद्दा आता कोणाला ठाऊक नसतो. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्यावर खळ दिलेलं पारदर्शक कापड पसरून शाईनं रेघन् रेघ गिरवायची, ते काम अनुरेखकाचं. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघत. बाई वयाच्या एकोणिसाव्या वर्षी खात्यात लागल्या आणि त्यांना मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे ही मंडई.

"मूळ कापड भेटनार नाई," असं त्या रेकॉर्ड रूमच्या दारात म्हणाल्या. "धुतलं असन कोनीतरी. ते कापड लय मऊ. दोन पान्यातून काढलं का शाई जाय आन खळ जाय, मंग मलमलीवानी होये. आमच्या हापिसातल्या कितीतरी लेकरायनं पुलाचे नकाशे अंगात घातले, झबलं म्हून."

निळी प्रत मात्र सापडली. तिच्यावर आमचा शिपाई गेली कित्येक वर्षं चहाची किटली ठेवत होता. बाईंनी ती पदरानं पुसली, उजेडात धरली आणि खालच्या कोपऱ्यातल्या तीन बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांची आद्याक्षरं. चेहऱ्यावर जे काही आलं ते लपवायला त्यांनी लगेच मला रागावून घेतलं. "किटली ठेवाची जागा आहे का हे?"

त्या दिवसापासून बाई माझ्या मागे लागल्या असं मी घरी सांगायचो. खरं सांगायचं तर मीच त्यांच्या मागे फिरत होतो. पाच वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला जे कधी दिसलं नव्हतं ते त्या चालता चालता दाखवायच्या. त्यांच्या पिशवीत दोरीचं एक बंडल असे, ठरावीक अंतरावर गाठी मारलेलं. कोणी म्हटलं, भिंत सरळ आहे, तर त्या दोरी काढत. "डोयानं नाई, दोरीनं पाहा. डोया आपल्याच मानसाची बाजू घेते." हे त्या भिंतीबद्दल बोलत, पण गावात दोनचार सुना त्यांच्यावर या वाक्यापायी खूश होत्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. एकट्याच राहत. घरात वस्तू कमी, पण जी असेल ती भिंतीला समांतर. स्वयंपाकघरातल्या डब्यांचीही रांग दोरी लावल्यासारखी. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाडायच्या तर साऱ्या गल्लीतून ताटं यांच्याकडे येत, कारण बाईंच्या सुरीखालून निघालेल्या वड्यांत लहानमोठी अशी निवड करायला पोरांना वावच नसे. भांडणं होत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढून सरळ भिंतीकडे गेल्या, कॅलेंडर नीट केलं, देवीचा फोटो नीट केला, आणि माझ्या सासऱ्यांच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या, "फोटो सरळ आहे. मानूसच कललेला आहे." माझी बायको दोन दिवस रुसली होती. पण सासरे खरंच मान कलती करून चालायचे. तिसऱ्या दिवशी तीच हसत सुटली.

तर मंडई. ठरावावर फेरविचार करावा म्हणून मी टिपण लिहिलं. ते लिहिणं सोपं नव्हतं, कारण पाडण्याचा प्रस्तावही माझ्याच सहीचा होता. अध्यक्षांनी ते टिपण सभेत वाचून दाखवलं आणि हातात धरून विचारलं, "इंजिनिअर साहेब, तुमीच म्हणता पाडा, तुमीच म्हणता नका पाडू. बरं, ते छत वाकडं झालेलं आहे हे तरी कबूल आहे का? साऱ्या गावाले दिसते. कोपरे वर गेले, मधातून दबलं."

मी गणितानं समजवायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला सभागृहात जांभया सुरू झाल्या. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या, बाहेर गेल्या, आणि चौकीदार व शिपाई यांच्याकडून चौकीदाराची खाट उचलवून आत घेऊन आल्या. नवारीची जुनी खाट, चारही सांधे खिळखिळे.

"अध्यक्ष साहेब, इकडं या. तुमी हा कोपरा उचला. बाकीचे तीन पाय याइले दाबून धरू द्या."

अध्यक्ष आले. गावात बाईंना नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्यांनी एक कोपरा वीतभर वर उचलला, तिघा नगरसेवकांनी बाकीचे तीन पाय दाबले. खाट पिळवटली. नवारीचा सपाट पट घोड्याच्या खोगिरासारखा झाला, एकीकडून उतरता, दुसरीकडून चढता. बाईंनी आपली दोरी काढली आणि नवारीच्या एका पट्टीवर ताणून धरली.

"हे पट्टी सरळ आहे का वाकडी?"

"सरळ," अध्यक्ष म्हणाले.

"आन हे? आन हे?" एकेका पट्टीवर दोरी फिरत होती.

"सरळच आहे ना बाई."

"आन खाट?"

अध्यक्षांनी खाटेकडे पाहिलं. "खाट तं वाकडी दिसते बाप्पा."

"साऱ्या पट्ट्या सरळ, आन खाट वाकडी. आपल्या छत्रीचा एकेक कोपरा असाच आहे. सुतारानं सरळ फळ्याच ठोकल्या, एक फळी वाकवली नाई. त्या पिळामुळं तीन इंचाचं छत पन्नास वर्सं उभं आहे. ते वाकडं झालं नाई, वाकडं केलं. बसून पाहा, मोडन का?"

अध्यक्ष बसले नाहीत. त्यांचं वजन त्यांना माहीत होतं. पण सभागृह हसलं आणि त्या हसण्यात ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबला. नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक यंत्रं घेऊन आले, काँक्रीट ठोकून-तपासून गेले. त्यांचा अहवाल आला तो असा: काँक्रीट चांगलं आहे, वरती पाणी साचून राहिल्यामुळे जागोजाग सळ्या गंजल्या आहेत, पाण्याला वाट द्या, मग दुरुस्ती होईल.

वाट कुठे होती, ते निळ्या प्रतीवर स्पष्ट होतं. छत्रीवर पडलेलं पाणी मध्ये येतं, तिथून खांबाच्या पोटातल्या बिडाच्या पाइपमधून खाली उतरतं आणि पायथ्याशी उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडून रस्त्याच्या नालीत जातं. आम्हीच मागे कधीतरी, म्हणजे माझ्या आधीच्यांनी, मंडईत नवी फरशी करताना जमीन हातभर उंच केली होती आणि ती चारही तोंडं गाडून टाकली होती. छत गळत नव्हतं. आम्ही त्याचा गळा आवळला होता.

खोदाई सुरू झाली. बाई रोज सकाळी आठला हजर. पहिल्या खांबाशी उत्तरेला दीड हात खोदल्यावर तोंड लागलं. नगरपरिषदेच्या रमेश मिस्त्रीनं आत बांबू घातला आणि वरून पाणी सोडलं. आधी काळा चिखल, मग पारव्यांची पिसं, मग एक रबरी चेंडू, मग नुसतं पाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा खांब तसाच, तिसराही तसाच. बाई आनंदानं एवढ्या फुलल्या होत्या की त्यांनी मिस्त्रीला स्वतःच्या हातानं चहा दिला, आणि त्यानं रचलेला विटांचा थर वाकडा असूनही काही बोलल्या नाहीत.

चौथी छत्री सगळ्यात वाईट होती. पोपडा तिचाच पडला होता. तिथे उत्तरेला दीड हात खोदलं, दोन हात खोदलं, खांबाच्या अंगाला छिन्नी लावून पाहिली. नुसतं काँक्रीट. तोंड नव्हतंच. दुपारपर्यंत बघ्यांची गर्दी वाढली. अध्यक्ष येऊन खड्ड्यात डोकावले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय बाई? इथंच आहे म्हणे ना तुमच्या नकाशात?"

"नकाशात आहे ना," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीनं केलं नसन. जुन्या मिस्त्र्याइचं काय सांगावं."

तेवढ्यात गयाबाई बोलली. ही हिंगणीकडची. घरचं माळवं आणून चौथ्या छत्रीखाली दक्षिणेच्या अंगाला बसायची. तिच्या आधी तिची सासू त्याच जागेवर बसायची. ती म्हणाली, "मावशी, माही सासू सांगे, पयले या खांबातून पानी निघे आन सारं आमच्या टोपल्याइत जाय. मंग लोकायनं ईटा-सिमिट लावून बुजवून टाकलं म्हने."

"कोन्या बाजूनं?" बाईंनी विचारलं.

"या. आमच्या बाजूनं."

बाईंनी तिच्या टोपल्यांकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, परत टोपल्यांकडे. मग दोरी गुंडाळून पिशवीत टाकली आणि घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांना बरं नसेल म्हणून मी घरी गेलो.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढे पारदर्शक कागदाचे चार चौकोन, एका ओळीत. प्रत्येकावर एक छत्री आणि पायथ्याशी एक बाण. तीन बाण वर, उत्तरेला; एक खाली, दक्षिणेला.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "चारी छत्र्या सारख्या. म्हून म्या एकच काढली होती लहान्या कागदावर, आन तोच कागद कापडाखाली सरकवत सरकवत चौघी गिरवल्या. तीनदा सरकवला." त्यांनी पहिला चौकोन उचलला, बाजूला सरकवून ठेवला. "चौथ्या बारीले सरकवला नाई. पलटला." चौकोन त्यांच्या बोटांत उलटा झाला. "पाहा. छत्री तेच दिसते ना? सूतभर फरक नाई. चौकोनाले उलटं-सुलटं काय समजते? फक्त बान खाली आला. कोनाले दिसला नाई. मलेच दिसला नाई तं कोनाले दिसन? आता निया कागद भिंगाखाली धरला, तं बान खालीच आहे. किटलीचा डाग समजून मी उत्तरच वाचत होतो."

मी म्हटलं, "मिस्त्रीनं नकाशाप्रमाणे केलं तर."

"हाव. बिचाऱ्यानं म्या सांगितलं तेच केलं. आन मी परवा चार लोकायपुढं त्यालेच बोल लावला." त्यांनी हातातला चौकोन परत सरळ करून ठेवला. "आधी त्या गयाच्या सासूच्या टोपल्या भिजल्या, मंग लोकायनं तोंड बुजवलं आन छत सडलं. माही चूक सिमिटात बसली होती, आन मी मंडईतून जाताना दररोज मान वर करून पाहो. कौतुकानं."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता रडतील, आणि तेवढ्यात त्या एकदम हसल्या. "त्या दिवशी काऊन पलटला ते बी आठवलं मले. मले पाहाले पाहुने येनार होते. पुलगावच्या गिरनीतला पोट्टा. चारच्या गाडीनं येनार आन मले घरी जाऊन पोहे कराचे होते. घाईत होतो ना मी!"

"मग? जमलं नाही?"

"कायचं जमते? त्यानं मले इचारलं, सयपाक येते का? मी म्हटलं, येते, पन रेघा चांगल्या येतात. गेला तो. बरं झालं. त्याच्यापायी एक छत्री गेली, पुरी मंडई गेली असती."

पुढच्या सभेत त्यांनी बोलायला वेळ मागितला. मला वाटलं होतं, तोंड दक्षिणेला आहे एवढंच सांगतील. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चौथ्या छत्रीच्या नकाशात चूक आहे. ते चूक माही आहे. जुन्या मिस्त्रीचा दोष नाई, मी परवा बोललो ते मागं घेतो. हे लिहा."

अध्यक्ष मऊ झाले. "जाऊ द्या ना बाई. पन्नास वर्सं झाली. कोनाले कळते?"

"मले कळलं ना."

कारकुनानं लिहायला घेतलं, "संबंधित खात्याच्या अनवधानाने..."

"नाव लिहा," बाई म्हणाल्या. "खातं नाई चुकत, मानूस चुकते. शकुंतला इखार, अनुरेखक. इखारमधला ख नीट काढजो."

सभागृहात कोणी हसलं नाही. मग मीही उठलो. पाडण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी मी नकाशा शोधला नव्हता, हेही लिहून घ्या असं सांगितलं. मला असं काही धाडस करायची सवय नाही. बाईंच्या शेजारी बसलं की होऊन जाई. मंडई पाडण्याचा ठराव त्या दिवशी मागे घेतला गेला.

दक्षिणेला खोदल्यावर हातभरातच विटांचा बूच लागला. तो काढला, फरशीखालून पाइप वळवून उत्तरेच्या नालीत सोडला. या वळणाचा नकाशा बाईंनी स्वतः काढला, एकदा नाही, तीनदा काढला, आणि प्रत्येक वेळी बाण कुठे आहे ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. सैल झालेलं काँक्रीट काढून गंजलेल्या सळ्या घासल्या, सिमेंटचा नवा मसाला भरला, वरून पाणी न मुरणारा थर दिला. चार महिने गेले. भाजीवाल्यांनी दोन-दोन छत्र्या रिकाम्या करून दिल्या, आणि एक दिवसही बाजार बंद राहिला नाही.

शेवटच्या दिवशी अग्निशमनाचा बंब बोलावून चौथ्या छत्रीवर पाणी सोडलं. सारं गाव जमलं होतं. एक मिनिट झालं, दोन झाली, नालीकडे काहीच नाही. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. मग आत कुठेतरी घशात गुळणी केल्यासारखा आवाज झाला आणि नालीच्या तोंडातून पाण्याचा असा लोट आला की पुढे वाकून पाहणाऱ्या अध्यक्षांचा पांढरा पायजामा गुडघ्यापर्यंत चिंब झाला. गयाबाई छताच्या खाली मध्यभागी जाऊन तळहात वर करून उभी राहिली. "एक थेंब नाई वो मावशी!" ती ओरडली. बाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते.

नंतर नगरपरिषदेनं त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. त्यांनी नारळ घेतला, शाल गयाबाईला देऊन टाकली. "तुह्या सासूची भरपाई," म्हणाल्या.

माझी बदली आष्टीला झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो तर कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, कोणाच्या तरी मांडवाचे खांब मोजायला गेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एसटीत बसलो. मंडईच्या कोपऱ्यावर समोर बैलगाडी आडवी आली आणि बस थांबली. बाजार उठला होता, ओटे रिकामे होते. चौथ्या छत्रीखालच्या ओट्यावर बाई चक्क उताण्या झोपल्या होत्या, पिशवी डोक्याखाली, चपला खाली जोडीनं ठेवलेल्या. शेजारी तशीच गयाबाई. बाईंनी एक हात वर केला होता आणि छताकडे बोट दाखवून हवेत काहीतरी आखत होत्या. गयाबाईनं त्यावर काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं कोण जाणे, पण दोघी एवढ्या हसल्या की बाईंना उठून बसावं लागलं.

मी उतरणार होतो. पायाही पडायचं होतं. पण गाडी बाजूला झाली, कंडक्टरनं दोरी ओढली आणि बस निघाली. मी खिडकीतून मागे पाहत राहिलो. बाई पुन्हा आडव्या होत होत्या.